घर लावणें

मराठी भाषेंत घराशीं किती क्रियापदें जोडलेलीं आहेत, याचा विचार शाळेंत असतांना आमच्या मनांत कधीं आला नाहीं. मुलांना वाक्प्रचार शिकवितांना आम्ही ते फळ्यावर लिहीत असूं, त्यांचे अर्थ सांगत असूं आणि घंटा झाली कीं फळा पुसून टाकीत असूं. घर बांधतात, घर भरतात, घर मांडतात, घर चालवितात. एखादी गोष्ट मनांत घर करते. यांपैकीं बांधण्याचें काम गवंडी करतो, भरण्याचें काम पैसा करतो आणि मांडण्याचें काम हौस करते. पण 'घर लावणें' हा जो एक साधा, रोजचा वाक्प्रचार आहे, त्याचा कर्ता कोण, हें कोडें आम्हांस वयाच्या पासष्टाव्या वर्षीं पडलें. आणि तें सोडविण्यासाठीं आम्हांस आमच्या आईची, वय वर्षें ८४, शिकवणी लावावी लागली. त्या शिकवणीची ही हकीकत आहे.

आम्ही मूळचे वाईचे. कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर आमच्या पणजोबांनीं बांधलेला वाडा होता. फार मोठा नव्हे. दिंडीदरवाजा, ओसरी, एक चौक, माजघर, देवघर, मागें परसूं आणि परसांत आड. मातीच्या भेंड्यांच्या भिंती हातभर जाड. त्यामुळें ऐन वैशाखांतही माजघरांत गारवा असे. आमचे वडील, दोन चुलते आणि त्यांचा परिवार अशीं लहानमोठीं अठरा माणसें एके काळीं त्या वाड्यांत नांदत होतीं. १९७४ सालीं आम्हीं जुनी अकरावीची मॅट्रिक दिली ती त्याच ओसरीवर अभ्यास करून. त्याआधीं एका शास्त्रीबुवांपाशीं रूपावली, समासचक्र आणि अमरकोश शिकलों, त्यांचें पाठांतरही त्याच ओसरीवर. पुढें शिक्षकाची नोकरी लागली, तालुक्यांतल्या गांवोगांवीं बदल्या झाल्या, पण बिऱ्हाड कधीं हलविलें नाहीं. शनिवारीं दुपारीं एस.टी. धरावी आणि दिवेलागणीच्या आंत वाड्यांत यावें, हा क्रम कित्येक वर्षें चालला. २०१५ सालीं सेवानिवृत्त झालों, तेव्हां आतां येथून हलावयाचें तें चौघांच्या खांद्यावरूनच, असें आम्ही धरून चाललों होतों.

परंतु वाडा माणसांवर उभा असतो, हें आम्ही विसरलों होतों. चुलतभाऊ एकेक करून नोकरीधंद्याच्या निमित्तानें बाहेर गेले. अठरांचीं नऊ माणसें झालीं, नवांचीं तीन झालीं : आई, आमची सौ. आणि आम्ही. वापर सुटलेल्या खोल्यांत प्रथम वाळवी आली, मग ओल आली. २०२१ च्या जुलैंत सातारा जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली. पाटणकडे डोंगर खचून माणसें गाडलीं गेलीं. त्या दुःखापुढें आमच्या हानीची ती काय कथा? देवघरामागची भिंत एका रात्रींत बसली, एवढेंच. आंत कोणी नव्हतें. पण गवंड्यानें येऊन पाहिलें आणि मागची सगळी बाजू उतरविल्याशिवाय इलाज नाहीं, असें सांगितलें. वाड्याचे हिस्सेदार सात, ते पांच गांवीं विखुरलेले, आणि आमचें निवृत्तिवेतन एक. पुण्याहून चिरंजीव आले, त्यांनीं भिंतीकडे पाहिलें, आजीकडे पाहिलें आणि म्हणाले, "बाबा, पुढचा पावसाळा इथं काढायचा नाहीं." अशा रीतीनें २०२२ च्या जूनमध्यें, मृगाच्या आधीं, आम्हीं वाई सोडली.

सामान बांधण्याचे ते आठ दिवस आम्ही विसरूं म्हटलें तरी विसरणार नाहीं. कोणती वस्तु न्यावयाची आणि कोणती ठेवावयाची, याचा निवाडा करण्यास बसलों तर प्रत्येक वस्तु आपली वकिली आपण करूं लागली. अखेर शिसवी देव्हारा, पितळी कड्यांचा झोपाळा, तांब्याचा बंब, पाटावरवंटा, मोठीं पातेलीं, परात आणि ग्रंथांच्या चार पेट्या, इतकें सामान टेंपोंत चढलें. आईनें बरोबर काय घेतलें? एक पत्र्याची ट्रंक आणि जुन्या लुगड्यांत बांधलेलें एक गाठोडें. तिनें दाराला कुंकवाचें बोट लावलें, उंबऱ्याला हात लावून तो कपाळीं लावला आणि गाडींत जाऊन बसली. आम्हीं कुलूप घातलें. कुलूप घालतांना हात थरथरले ते आमचे, तिचे नव्हेत.

खंबाटकीच्या बोगद्यांत गाडी शिरली तेव्हां आम्हांस आश्वलायनाच्या गृह्यसूत्रांतील एक परीक्षा आठवली. घर बांधण्यासाठीं जागा कशी पारखावी, हें तेथें सांगितलें आहे. गुडघाभर खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती त्याच खड्ड्यांत परत भरावी. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर भरली तर मध्यम, आणि कमी पडली तर ती जागा सोडून द्यावी. आम्ही मनाशीं म्हणालों, आज आम्हांलाच मुळापासून खणून काढलें आहे; आतां दुसऱ्या खड्ड्यांत भरल्यावर काय कमी पडतें तें पाहावयाचें. कमीच पडणार, याविषयीं आमच्या मनांत शंका नव्हती.

चिरंजीवांचें घर कोथरुडांत, एका सहा मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. तीन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गॅलरी. २०१६ सालीं त्यांनीं तें घेतलें, तेव्हां वास्तुशांतीस आम्ही सर्व गेलों होतों. घराच्या आग्नेय कोपऱ्यांत खड्डा घेऊन त्यांत वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरावयाची, असा आपल्याकडील प्रघात आहे. चौथ्या मजल्यावर खड्डा कोठला? ओट्याखालची एक फरशी उचलवून भटजींनीं तिच्याखालीं प्रतिमा ठेवविली. त्या वेळीं आम्हीं विनोद केला होता कीं, हा वास्तुपुरुष जमिनींत नसून खालच्या बिऱ्हाडाच्या छतांत निजला आहे! सर्व मंडळी हंसलीं. सूनबाई मात्र हंसली नाहीं. भटजी उठल्यावर तिनें त्या फरशीवर हळदकुंकू वाहिलें आणि क्षणभर हात तेथेंच ठेवला. ती हें घर आपल्या हातानें धरून ठेवीत होती, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं. पुढें सहा वर्षें तिनें तें एकटीनें लावलें. कोणती फळी किती उंच, कोणत्या खिडकींतून सकाळचें ऊन येतें, मुलगी निजली असतां कोणतें दार वाजतें, हें सारें तिला ठाऊक होतें. आणि अशा लागलेल्या घरांत आम्ही दोन टेंपो भरून सामान घेऊन 'घर लावण्यास' आलों!

वाचकहो, आतां आमच्या अपराधाची यादी सांगतों. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत देवघर ईशान्येस आणि स्वयंपाकघर आग्नेयेस असावें, असें सांगितलें आहे. स्वयंपाकघर सुदैवानें जागच्या जागीं होतें. ईशान्येचा कोपरा मात्र पाहिला तों तेथें सूनबाईचें टेबल. २०२० सालच्या टाळेबंदीपासून तिचें कचेरीचें काम घरूनच चाले. त्या टेबलावर तिचा संगणक आणि कागद असत. आमचा देव्हारा तीन हात रुंद. आम्हीं शास्त्राधार सांगितला. सूनबाई म्हणाली, "हो बाबा," आणि टेबल गॅलरींत गेलें. तिनें स्वतः देवांसाठीं भिंतींत एक छोटें फडताळ केलेलें होतें. तें रिकामें पडलें. झोपाळा टांगण्यासाठीं छताला कड्या मारूं म्हटलें, तेव्हां इमारतीच्या व्यवस्थापकांनीं हरकत घेतली. आम्ही दोन दिवस रुसलों, आणि झोपाळ्याची फळी बैठकीच्या खोलींत भिंतीस टेकून उभी राहिली, ती येतांजातां सर्वांच्या खांद्यास लागे. स्वयंपाकघरांत आमच्या सौ. नें आपल्या सवयीप्रमाणें डबे लावले. सूनबाईचे कांचेचे डबे वरच्या फळीवर गेले आणि वाईचे पितळी डबे हाताशीं आले. यांतलें कांहींही आम्हीं दुष्टपणानें केलें नाहीं. उलट, पोरांचें घर आतां कसें घरासारखें दिसूं लागलें, असें समाधान आम्हांस वाटत होतें.

कोणी कांहीं बोललें नाहीं. आमच्यासारख्या शिकलेल्या घरांची हीच एक खोड आहे. जेथें भांडीं आपटतात, तेथें निदान कोणाचें काय दुखतें तें कळतें. आमच्याकडे सर्वजण इतके समजूतदार कीं, दुखणें प्रत्येकजण आपल्या खोलींत नेऊन दार लावून घेतो. चिरंजीव उशिरां घरीं येऊं लागले. सूनबाई 'हो बाबा, हो आई' याहून अधिक बोलेनाशी झाली. आणि आई? तिनें ट्रंक उघडली ती दोन लुगडीं काढण्यापुरती. गाठोडें तिनें पलंगाखालीं ठेवलें होतें, तें बांधलेलेंच होतें. जून गेला, जुलै गेला. गांठ सुटली नाहीं. आमच्या मनानें घेतलें कीं, आईचा जीव वाड्यांत अडकला आहे, म्हणून ती गाठोडें सोडीत नाहीं. या विचारानें आम्हांस वाईट वाटे; आणि खरें सांगावयाचें तर, आपला हट्ट तिच्या नांवावर टाकतां येतो, म्हणून थोडें बरेंही वाटे.

श्रावणांतली गोष्ट. दुपारीं आम्ही बँकेंतून परत आलों. वीज गेल्यामुळें लिफ्ट बंद होती, म्हणून जिना चढूं लागलों. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्यें पायरीवर सूनबाई बसलेली. मांडीवर संगणक, कानांत बोलण्याचें यंत्र. ती कोणाशीं तरी इंग्रजींत कामाचें बोलत होती. आम्हांस पाहतांच ती गडबडून उभी राहिली. म्हणाली, "गॅलरींत पावसाची झड येते बाबा, आणि आंत आईंची कहाणी चालली आहे. माझ्या बोलण्यानं त्यांना अडथळा नको. एवढी मीटिंग झाली कीं येतें मी." तिच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्ही उत्तर दिलें असतें; पस्तीस वर्षें मुलांच्या तक्रारींना उत्तरें देण्याचाच आमचा धंदा. पण स्वतःच्या घराबाहेर, जिन्याच्या पायरीवर, आमच्या सोयीसाठीं बसलेली ती मुलगी पाहून आम्हांस उत्तर सुचेना. आम्ही तिच्या बाजूनें अंग चोरून वर गेलों. दार उघडेंच होतें. आंत सौ. कहाणी वाचीत होती आणि आई पाटावर बसून ऐकत होती. तिचें तोंड मात्र दाराकडे होतें.

त्या रात्रीं दिवे मालवल्यावर अंधारांतून आईचा आवाज आला, "बाळ, झोंप लागली का रे?"

"नाहीं."

"सूनबाई आज जिन्यावर बसली होती."

"तूं पाहिलंस?"

"आज तिसऱ्यांदा पाहिलं. तुला आज दिसलं."

आम्ही गप्प राहिलों. थोड्या वेळानें तीच पुढें म्हणाली, "मी पंचावन्न सालीं चिपळूणकडून कुंभार्लीचा घाट चढून वाईला आले, तेव्हां सतरा वर्षांची होते. पहिल्याच आठवड्यांत भाजींत सवयीनं भरपूर ओलं खोबरं घातलं. सगळ्यांच्या पानांत भाजी तशीच राहिली. सासूबाई रागावल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मला शेजारीं बसवून दाण्याचा कूट करायला शिकवला. आणि मग चुलीमागचा एक कोनाडा रिकामा केला. म्हणाल्या, हा तुझा. तुझ्या माहेरचं जें काय ठेवायचं तें इथं ठेव, कुणी हात लावणार नाहीं. मीं तिथं आमसुलं ठेवलीं, कुळथाच्या पिठाची पुरचुंडी ठेवली आणि येतांना आणलेला एक शिंपला ठेवला. त्या रात्रीं मला त्या घरांत पहिल्यांदा झोंप लागली. एवढ्या वाड्यांत माझा म्हणून तेवढाच कोनाडा होता. पण त्या एका कोनाड्यामुळं सारा वाडा माझा झाला."

"आई, तें घरच तसं होतं," आम्ही म्हणालों.

"घर नव्हे रे, माणसं तशीं होतीं. तुला अजून कळत नाहीं. सून सासरीं येते ना, तसे आपण इथं आलों आहों. सुनेनं काय करावं? आधीं बघावं, विचारावं, मग हात लावावा. तूं तर आल्या दिवसापासून सासूबाई होऊन बसला आहेस!"

आम्हांस हंसूं आलें, आणि त्याच वेळीं डोळ्यांतून पाणीही आलें. अंधार होता, हें बरें. मग आम्हीं आमचा शेवटचा मुद्दा पुढें केला. "पण तुझंही मन इथं लागलं नाहींच. नाहीं तर गाठोडं सोडलं असतंस."

"कोनाडा दाखवल्याशिवाय सामान कुठं मांडूं? आणि कोनाडा दाखवायचा सूनबाईनं. तिच्या हातांत एक तरी कोनाडा तुम्हीं शिल्लक ठेवला आहे का?"

यावर आमच्या वराहमिहिरापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं आई भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघराच्या दारापाशीं आली आणि तेथेंच थांबली. आंत सौ. होती, सूनबाई होती. आई म्हणाली, "सूनबाई, तुझ्या घरांत मिठाची बरणी कुठं असते ग?"

प्रश्न किती साधा! पण सूनबाई एकदम उत्तर देऊं शकली नाहीं. दोन महिन्यांत त्या बरणीची जागा तीनदां बदलली होती. तिनें सासूकडे पाहिलें. आमच्या सौ. चें येथें कौतुक केलें पाहिजे. ती क्षणभर हातांतल्या डब्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मीं ती वर ठेवली आहे. पण तुझी जागा कोणती होती, ती सांग. तिथंच ठेवूं." सूनबाईनें ओट्याच्या उजवीकडचा कोपरा दाखविला. बरणी तेथें आली. मग एकामागून एक कांचेचे डबे खालीं आले. दोघी बोलत काय होत्या, तें आम्हांस बाहेर ऐकूं आलें नाहीं. पण दोन महिन्यांत प्रथमच तेथून दोघींचे आवाज बरोबर येत होते.

त्या रविवारीं चिरंजीवांनीं आणि आम्हीं मिळून टेबल गॅलरींतून आंत आणलें आणि त्याच्या जुन्या कोपऱ्यांत ठेवलें. देव सूनबाईच्या फडताळांत बसले. मूर्ती त्याच, पूजा तीच, फक्त लांकूड निराळें. देवांनीं हरकत घेतल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. शिसवी देव्हाऱ्यांत आतां आमचे ग्रंथ आहेत. झोपाळ्याच्या फळीला सुतारानें पाय लावून दिले. तिचा बांक झाला, तो गॅलरींत आहे. दुपारच्या कहाणीची वेळ सूनबाईच्या कामाची वेळ विचारून ठरली. हें सारें झाल्यावर, कोणीं न सांगतां, सूनबाईनें स्वयंपाकघराच्या खिडकीजवळची एक फळी रिकामी केली, पुसली आणि आईला हाताला धरून तेथें आणलें. "आजी, ही तुमची." आईनें गाठोडें मागविलें. गांठ इतकी आवळली होती कीं ती दातांनीं सोडवावी लागली. आंत वातींचा कापूस होता, आमसुलांची बरणी होती, वडिलांचा चष्मा होता आणि सदुसष्ट वर्षांपूर्वींचा तो शिंपला होता. आमच्या नातीनें तो तेव्हांच मागून घेतला. आईनें तो तिला दिला, पण रोज रात्रीं फळीवर परत ठेवण्याच्या अटीवर.

अमरकोशांत घराला पुष्कळ शब्द दिलेले आहेत : गेह, सदन, वेश्म, निलय, आगार वगैरे. त्यांत 'गृह' या शब्दाविषयीं एक विशेष सांगितला आहे. तो नपुंसकलिंगी आहेच. पण पुल्लिंगी चालवावयाचा असल्यास तो बहुवचनांतच चालवावा. घर एकच असलें तरी 'गृहाः'. हा नियम आम्हीं लहानपणीं घोकला आणि तो कसा लक्षांत ठेवावा याची युक्तिही पुढें मुलांना सांगितली. त्यांत कांहीं अर्थ असेल असें मात्र कधीं वाटलें नाहीं. आतां वाटतें. एकट्याच्या आवडीनें, एकट्याच्या शास्त्रानें किंवा एकट्याच्या आठवणीनें लावलेलें घर म्हणजे सामान ठेवलेली जागा. 'घर लावणें' या क्रियेचा कर्ताही बहुवचनींच असला पाहिजे.

नव्या जागेंत रुळण्यास मोठे उपाय लागत नाहींत, असा आमचा अनुभव आहे. हाताला कांहीं काम लागतें आणि जिन्यावर भेटणाऱ्या माणसाला आपलें नांव ठाऊक असावें लागतें. आईनें वाती वळून इमारतींतल्या घरोघरीं पाठविण्यास आरंभ केला. त्या वातींच्या पाठोपाठ बायका येऊं लागल्या, आणि 'चौथ्या मजल्यावरच्या आजी' सर्वांच्या ओळखीच्या झाल्या. आम्ही शनिवारीं संध्याकाळीं इमारतींतल्या शाळकरी मुलांना संस्कृत शिकवितों. 'देव' शब्द चालवितांना मुलें ज्या चुका वाईस करीत, त्याच येथेंही करतात, त्यामुळें आम्हांस परकें वाटत नाहीं. कार्तिकांत एका रात्रीं वीज गेली. आम्ही उठलों, अंधारांत चार पावलें चालून फडताळापाशीं गेलों, आगपेटी काढली आणि निरांजन लावलें. काडी पेटल्यावर ध्यानांत आलें कीं, आपण कोठेंही चांचपडलों नाहीं.

आईचें काय? तिच्याविषयीं शंका होती, ती पुढल्या वर्षीं फिटली. वाईस माघापासून फाल्गुनापर्यंत कृष्णाबाईचा उत्सव असतो. एकेका आळीचा, एकेका घाटावर. २०२३ सालीं आम्ही तिला त्यासाठीं वाईस घेऊन गेलों. कृष्णाबाईची ओटी भरली, प्रसाद घेतला, जुन्या मैत्रिणींच्या गळां पडणें झालें. कुलूप काढून वाडाही पाहिला. चौकांत गवत वाढलें होतें. आई चुलीमागच्या कोनाड्यापाशीं गेली, त्यांत हात फिरविला, हाताला लागलेली माती पदराला पुसली. आतां ती येथें राहण्याचा हट्ट धरणार, या भीतीनें आम्ही बोलण्याची जुळवाजुळव करीत होतों. तों तीच वळून म्हणाली, "चल रे, अंधार पडायच्या आंत घरीं पोंचूं. सूनबाई वाट बघत असेल." 'घरीं' हा शब्द तिनें वाड्याच्या माजघरांत उभें राहून उच्चारला.

२०२४ सालीं सात हिस्सेदारांच्या संमतीनें वाडा विकला. खरेदीखतावर सही करतांना आमच्या मनास जें झालें, तें ज्यांनीं अशी सही केली असेल, त्यांना सांगावयास नको. पण पत्र्याचें छप्पर आणि सात जणांचें भांडण यांपेक्षां हें बरें, असें आईच म्हणाली. तिनें एवढेंच सांगितलें कीं, चौकांतल्या वृंदावनांतली माती घेऊन या. आम्हीं ती एका पिशवींत भरून आणली. सूनबाईनें बाजारांतून एक मोठी कुंडी आणली, तळाशीं खापरीचे तुकडे घातले आणि आमची नात मुठीमुठीनें माती टाकूं लागली. तुळशीचें रोप लावून झालें, कुंडी कांठोकांठ भरली, आणि पिशवींत दोन ओंजळी माती राहिली.

"उरली बघ," आई म्हणाली. "सूनबाई, ही तुझ्या मोगऱ्याला घाल."

आश्वलायनाचें सूत्र आईला ठाऊक नाहीं, आणि तेव्हां आम्हींही तें सांगितलें नाहीं. गॅलरीच्या फरशीवर माती सांडली होती. ती गोळा करण्यासाठीं केरसुणी आणावयास आम्ही आंत गेलों. ती कोठें असते, हें आतां आम्हांस विचारावें लागत नाहीं.